स्पर्धेचा खर्च हरणारा उचलतो

ट्रेडिंग कार्ड गेम म्हणजे मॅजिक किंवा पोकेमॉनसारखे, विकत घेतलेल्या कार्डांचा आपापला गठ्ठा (डेक) बांधून खेळायचे खेळ. त्यांच्या दुकानांत होणाऱ्या छोट्या स्पर्धांबद्दल दोन समजुती जोडीने नांदतात. खेळाडूंना वाटते की दुकानदार प्रवेशशुल्क गोळा करून बसल्या जागी पैसा कमावतो. नव्या दुकानदाराला वाटते की स्पर्धा ठेवली की गर्दी होईल आणि गर्दी झाली की गल्ला आपोआप भरेल. अशा स्पर्धा भरवण्याचे आणि त्यांचा जमाखर्च लिहिण्याचे काम मी बराच काळ करत आलो आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की स्पर्धेचा हिशेब दुकानाच्या इतर व्यवहारापासून वेगळा काढला, तर तो बहुतेक वेळा आतबट्ट्याचाच निघतो. तरीही स्पर्धा भरवाव्यात. मात्र त्यातला पैसा कोणाच्या खिशातून येतो आणि कोणाच्या खिशात जातो, हे डोळे उघडे ठेवून पाहायला हवे. तो येतो हरणाऱ्याच्या खिशातून, आणि बक्षिसांची बहुतेक कोष्टके लिहिली जातात ती मात्र जिंकणाऱ्याकडे पाहून.

किमती देशोदेशी आणि खेळागणिक वेगळ्या असल्यामुळे मी येथे रकमांऐवजी प्रमाणात बोलतो. एका बूस्टर पॅकची, म्हणजे आत कोणती कार्डे आहेत हे फोडल्यावरच कळणाऱ्या सीलबंद पाकिटाची, विक्री किंमत १०० धरू आणि दुकानदाराला तो ६५ला पडतो असे मानू. हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. वाचकाने आपापले आकडे घालून पाहिले तरी आकृती फारशी बदलणार नाही. सोळा खेळाडूंची स्पर्धा आहे, प्रवेशशुल्क १५० आहे आणि प्रत्येक खेळाडूमागे दीड पॅक या हिशेबाने २४ पॅक बक्षीस म्हणून वाटायचे आहेत. जमा २४००. खेळाडूंच्या दृष्टीने बक्षिसांची किंमतही २४००, म्हणजे त्यांनी दिलेला सगळा पैसा मालाच्या रूपाने त्यांनाच परत मिळाला, आणि यापेक्षा उदार स्पर्धा मागणे कठीण आहे. दुकानदाराला ते २४ पॅक १५६०ला पडले, म्हणून त्याच्या हाती ८४० उरले. येथपर्यंत सगळे सुखाचे दिसते.

आता वेळ मोजू. सोळा खेळाडूंमधून एकच अपराजित उरावा यासाठी स्विस पद्धतीच्या चार फेऱ्या लागतात. या पद्धतीत हरलेला बाद होत नाही, प्रत्येक फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लागतात. मॅजिकसारख्या खेळात तीनपैकी दोन डाव जिंकण्याच्या सामन्याला ५० मिनिटांची फेरी असते. चार फेऱ्यांची २०० मिनिटे, नोंदणी आणि बसवाबसवीची ३०, प्रत्येक फेरीमागे निकाल घेणे व नव्या जोड्या लावणे यांची १० धरली, तर साडेचार तास होतात. ८४०ला साडेचारने भागले की तासाला १८७ येतात. एका पॅकमागे ३५ सुटत असतील, तर तासाला पाच-सहा पॅक विकूनही दुकानदाराला तेवढेच मिळाले असते, आणि त्यासाठी त्याला सोळा खुर्च्या, आठ टेबले आणि एक माणूस संध्याकाळभर अडकवून ठेवावा लागला नसता. त्या माणसाचा पगार, जागेचे भाडे, वीज आणि कर या १८७मधूनच जायचे आहेत.

शिवाय पॅकची किंमत ६५ धरणे हीदेखील सोय आहे. माल मुबलक असताना बक्षिसात दिलेला पॅक खरोखरच खरेदीच्या भावात पडतो, कारण तो दिला नसता तर कपाटात पडून राहिला असता. पण माल टंचाईचा असेल, तर दिलेला प्रत्येक पॅक म्हणजे बुडालेली एक विक्री होय आणि त्याची खरी किंमत १०० किंवा त्याहून अधिक ठरते. जानेवारी २०२५मध्ये पोकेमॉनचा ‘प्रिझमॅटिक इव्होल्यूशन्स’ हा नव्या कार्डांचा संच आला, तेव्हा तो मिळण्यासाठी लोक रांगा लावत होते. अशा संचाचे पॅक स्पर्धेत बक्षीस म्हणून वाटणाऱ्या दुकानदाराच्या वर मांडलेल्या हिशेबात ८४०च्या जागी शून्य लिहावे लागते.

स्पर्धेचा नफा खेळाडूंच्या संख्येबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, ही गोष्ट आयोजकही पुष्कळदा विसरतात. फेऱ्या दुपटीच्या गणिताने वाढतात: आठ खेळाडूंपर्यंत तीन, सोळापर्यंत चार, बत्तीसपर्यंत पाच. आठ खेळाडूंची स्पर्धा साडेतीन तासांत उरकते. नाव देण्याची मुदत संपता संपता नववा खेळाडू दारातून आत येतो. त्याचे १५० मिळतात, त्यातून त्याच्यापोटी वाढलेल्या एका पॅकचा खर्च वजा जातो (वरचा अर्धा पॅक सोडून देऊ), आणि उरलेल्या ८५साठी सगळ्यांना एक जादा फेरी खेळावी लागते. संख्या विषम झाल्यामुळे प्रत्येक फेरीत कोणाला तरी न खेळता पुढे चाल मिळते. म्हणजे शुल्क भरून आलेला एक माणूस पन्नास मिनिटे भिंतीकडे पाहत बसतो, आणि ही वेळ बहुधा त्या दिवशी हरत असलेल्यावरच येते, कारण पुढे चाल तळाच्या खेळाडूला देण्याची रीत आहे. आठ जणांना १२० असलेला तासाचा दर नऊ जणांना ११२वर घसरतो. सतराव्या खेळाडूचेही तेच. सोळांना १८७ असलेला दर सतरांना १६८ होतो आणि मग बत्तीसला पोहोचेपर्यंत चढत चढत ३०५ होतो. म्हणून नऊ ते अकरा आणि सतरा ते वीस या संख्या मला नेहमी अवघड वाटतात. अशा वेळी फेऱ्या वाढवू नयेत, आधीच्या तीन किंवा चारच ठेवाव्यात आणि दोन अपराजित उरले तर उरू द्यावेत, या मताचा मी आहे. छोट्या स्पर्धेला एकमेव विजेता हवाच, असा हट्ट धरण्याचे कारण मला दिसत नाही. १८९५ साली झुरिचच्या बुद्धिबळ स्पर्धेत स्विस पद्धत प्रथम वापरली गेली असे सांगतात. तिचे मोठेपण विजेता शोधण्यापेक्षा हरलेल्याला घरी न पाठवण्यात आहे, आणि आपल्या हिशेबाला तेच उपयोगाचे आहे.

वेळेबद्दल आणखी एक निरीक्षण नोंदवतो. फेरीची वेळ संपल्याची घोषणा होते तेव्हा सहसा एकच टेबल चालू असते. डाव १-१ असतात, दोघांपैकी एकाचा डेक सावकाश, अडवत अडवत जिंकण्याच्या घडणीचा असतो, आणि नियमाप्रमाणे आणखी पाच पाळ्या खेळायच्या असतात. एकजण कागदावर उरलेले गुण पुन्हा मोजतो, दुसरा हातातली तीन कार्डे उलटसुलट लावत विचार करतो, आणि बाकीचे चौदा जण मोकळे असतात. पहिल्या आणि दुसऱ्या फेरीनंतर हे चौदा जण काउंटरवर येतात, सुट्या कार्डांचे बाइंडर चाळतात, नुकत्याच हरलेल्या सामन्यात जे कार्ड नडले त्यावर उतारा शोधतात आणि तो विकतही घेतात. दुकानाचा त्या संध्याकाळचा खरा धंदा याच दहा-पंधरा मिनिटांत होतो. तिसऱ्या फेरीनंतर मात्र बाइंडर कोणी उघडत नाही. लोक घड्याळ पाहतात. त्यामुळे फेऱ्यांमधले अंतर मिनिटामिनिटाने कमी करण्याची धडपड मी सुरुवातीच्या फेऱ्यांत करत नाही, शेवटच्या फेऱ्यांत करतो.

आता बक्षिसांकडे येऊ. बरोबरी झाली नाही असे धरले, तर सोळा जणांच्या चार फेऱ्यांनंतर निकाल कसा लागतो हे आधीच सांगता येते: चारही सामने जिंकणारा एक, तीन जिंकणारे चार, दोन जिंकणारे सहा, एक जिंकणारे चार आणि एकही न जिंकणारा एक. ही वाटणी पद्धतीतच आहे. खेळाडू कितीही कसलेले असले तरी त्यात बदल होत नाही. बक्षिसांचे कोष्टक लिहिताना ही पाच आकड्यांची ओळ समोर ठेवली, तर बरेच वाद जन्मालाच येत नाहीत.

सर्वांत जास्त आढळणारे कोष्टक क्रमांकावर चालते: पहिल्याला १२, दुसऱ्याला ६, तिसऱ्या आणि चौथ्याला ३-३. एकूण २४. येथे अडचण लगेच दिसते. तीन सामने जिंकणारे चार जण आहेत आणि बक्षिसाच्या जागा त्यांच्यासाठी तीनच आहेत. चौथा माणूस टायब्रेकरवर बाहेर पडतो. टायब्रेकर म्हणजे मुख्यतः त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनी किती टक्के सामने जिंकले याची सरासरी. म्हणजे पहिल्या फेरीत ज्याला त्याने हरवले तो माणूस नंतर कंटाळून निघून गेला की नेटाने खेळत राहिला, यावर त्याचे पॅक ठरतात. चारपैकी तीन सामने जिंकून रिकाम्या हाताने घरी जाणारा खेळाडू मला सर्वांत महागात पडतो, कारण त्याला आपण वाईट खेळलो असे वाटत नाही. आपल्याला फसवले असे वाटते.

दुसरे कोष्टक जिंकलेल्या सामन्यांवर चालते: चार सामने जिंकणाऱ्याला ६, तीन जिंकणाऱ्या चौघांना प्रत्येकी ३, दोन जिंकणाऱ्या सहांना प्रत्येकी १. बेरीज पुन्हा २४च. आता सोळापैकी अकरा जणांच्या हातात काहीतरी आहे आणि शेवटच्या फेरीत जवळजवळ प्रत्येक टेबलावर कशासाठी तरी खेळणे चालू आहे: एक विजय मिळवलेला माणूसही एका पॅकसाठी जीव लावून खेळतो. तिसरे कोष्टक आणखी सपाट आहे: प्रत्येकाला नुसता सहभागाचा १ पॅक, तीन जिंकणाऱ्यांना आणखी १-१, आणि चारही जिंकणाऱ्याला आणखी ४. यातही २४च पॅक जातात. तिन्ही कोष्टकांत दुकानाचा खर्च एका पैशानेही वेगळा नाही. वेगळे आहे ते हरणाऱ्याचे नुकसान: पहिल्या दोन प्रकारांत तो १५० टाकून जातो, तिसऱ्यात १०० किमतीचा पॅक घेऊन जातो, म्हणजे एका संध्याकाळच्या खेळासाठी त्याला ५० पडतात.

आता हा हरणारा कोण, ते पाहू. तो बहुधा नवा असतो. डेक उसना आणलेला किंवा तयार खोक्यातला असतो, कार्डांवरची कव्हरे नवी किंवा मुळीच नसतात, आणि नियमाची एखादी बारीक बाब त्याला सामन्यात प्रथमच कळते. तोच पूर्ण किमतीला पॅक घेतो, तोच डेक ठेवायचा डबा घेतो, तोच पुढच्या वेळेसाठी चार सुटी कार्डे घेतो. उलट चारही सामने जिंकणाऱ्याला दुकानातून काही विकत घेण्याची फारशी गरज उरत नाही. मागच्या बक्षिसांतून त्याचे पुढचे प्रवेशशुल्क सुटते आणि नको असलेले पॅक तो न फोडता बाहेर विकतो. यात त्याचा दोष काही नाही, तो चांगला खेळतो इतकेच. पण कौशल्य ही टिकाऊ गोष्ट आहे. दर आठवड्याला त्याच तीन-चार व्यक्ती वर राहणार असतील, तर वरच्यांना झुकते माप देणारे कोष्टक म्हणजे नव्या खेळाडूंकडून जुन्या खेळाडूंकडे पैसा नेणारा कायमचा पाट होतो, आणि दुकानदार त्या पाटावर फुकट राबणारा पाटकरी होऊन बसतो. नवे खेळाडू दोन-चार वेळा येतात आणि येईनासे होतात. मग सोळाचे बारा होतात, बाराचे आठ, आणि उरलेले आठ जण एकमेकांना हरवत ‘पूर्वी येथे किती गर्दी असायची’ असे म्हणत बसतात.

यावर चांगल्या खेळाडूंचा आक्षेप असतो, आणि तो बिनबुडाचा नाही. मोठे पहिले बक्षीस नसेल तर तयारीचे खेळाडू दूरवरून येणार नाहीत आणि खेळाचा दर्जा घसरेल, असे ते म्हणतात. हे खरे आहे. पण दर्जेदार खेळाडूला पॅकपेक्षा जास्त ओढ वरच्या पातळीवरच्या प्रवेशाची असते, आणि ते बक्षीस दुकानदाराच्या खिशातून द्यावे लागत नाही. पोकेमॉनच्या अधिकृत स्पर्धाव्यवस्थेत लीग चॅलेंज आणि लीग कप या स्थानिक स्पर्धांतून चॅम्पियनशिप पॉइंट मिळतात, आणि ते साठवून जागतिक स्पर्धेपर्यंत जाता येते. मॅजिकमध्ये दुकानांतल्या पात्रता स्पर्धांतून रीजनल चॅम्पियनशिपचे दार उघडते. अशा स्पर्धांना शुल्क जास्त ठेवावे, वेळ दिवसभराचा ठेवावा, बक्षिसे वर झुकलेली ठेवावीत आणि त्यांची जाहिरातही तशीच करावी. घोटाळा होतो तो साप्ताहिक संध्याकाळच्या स्पर्धेला या मोठ्या स्पर्धेची बक्षिसे लावल्यामुळे. ती लहान मूर्ती आहे. तिला मोठा मुकुट बसत नाही.

बक्षीस पॅकमध्ये द्यावे, स्टोअर क्रेडिटमध्ये (त्याच दुकानात खर्च करता येणाऱ्या जमा रकमेत) द्यावे की रोख? रोख बक्षीस मी देत नाही. ते दुकानातून बाहेर जाते, शुल्क आणि रोख बक्षीस एकत्र आले की कित्येक देशांत जुगाराचे कायदे दारात येतात, आणि लहान मुले खेळणाऱ्या ठिकाणी ते शोभतही नाही. क्रेडिटची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. १०० क्रेडिट दिले, तर दुकानाला ते १००ला पडत नाही. खेळाडू त्यातून जे घेईल त्याच्या खरेदी किमतीला पडते. सीलबंद पॅकवर सुटणारा नफा बेताचाच असतो, तर खेळाडूंकडून विकत घेतलेल्या सुट्या कार्डांवर तो जास्त असतो. म्हणून क्रेडिट सुट्या कार्डांकडे वळले तर दुकानाला स्वस्त पडते. खेळाडूलाही ते सोयीचे असते, कारण पॅकमध्ये नशीब असते आणि क्रेडिटने हवे तेच कार्ड मिळते.

पण क्रेडिट म्हणजे देणे आहे, आणि ते देणे म्हणून वहीत दिसले पाहिजे. पुष्कळ दुकाने ते केवळ एका चिठ्ठीवर किंवा संगणकातल्या एका रकान्यात ठेवतात आणि विसरतात. कसलेला खेळाडू क्रेडिट साठवतो. आज उडवत नाही. नव्या संचाचे बॉक्स ज्या दिवशी विक्रीला येतात त्याच दिवशी तो साठा बाहेर निघतो, आणि ज्या मालाचे पैसे वितरकाला रोख द्यायचे असतात तोच माल क्रेडिटवर जातो. महिनोन्महिने झालेली विक्री ताळेबंदात नफा म्हणून दिसलेली असते आणि आठवड्याच्या शेवटी वितरकाचे बिल भागवायला पैसे नसतात. नव्या मालावर पहिले काही दिवस क्रेडिट चालणार नाही, किंवा बिलाच्या निम्म्यापर्यंतच चालेल, हा नियम कडक वाटला तरी तो आधीपासून फळ्यावर लिहून ठेवलेला बरा. क्रेडिटला मुदत घालण्याचा मोह होतो. कायदा परवानगी देत असला तरी त्याने दुखावले जाणारे लोक नेमके तेच असतात जे क्वचित येतात, म्हणजे पुन्हा हरणारेच.

ड्राफ्टचे अर्थकारण याहून पुष्कळ सरळ आहे, आणि म्हणूनच मला ते आवडते. ड्राफ्टमध्ये प्रत्येक खेळाडू तीन पॅक घेतो, एक कार्ड ठेवून उरलेली शेजाऱ्याकडे सरकवतो आणि त्यातून जमलेल्या कार्डांतून जागच्या जागी डेक बांधतो. म्हणजे आठ जण बसले की स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच २४ पॅकची विक्री झालेली असते. आपल्या प्रमाणात सांगायचे तर दर माणशी तीन पॅकमागे १०५ सुटले. आठ जणांचे ८४० झाले. सोळा जणांच्या साडेचार तासांच्या स्पर्धेतून जे मिळाले, तेच येथे आठ खुर्च्यांवर मिळाले, आणि बक्षिसांसाठी लागणारे वरचे शुल्क अजून हिशेबात धरलेलेही नाही. मॅजिकच्या जुन्या ड्राफ्ट बूस्टरचा बॉक्स ३६ पॅकचा असे. आठ जणांच्या ड्राफ्टला २४ आणि बक्षिसांना १२, असा तो एका बैठकीत नेमका संपत असे. २०२४मध्ये ड्राफ्ट बूस्टर आणि नुसते फोडून पाहण्यासाठीचे सेट बूस्टर या दोन्ही पॅकच्या जागी प्ले बूस्टर आले, पॅकची किंमत जुन्या ड्राफ्ट बूस्टरहून चढली आणि ड्राफ्टला बसणे खेळाडूला महाग झाले. तरीही हरणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर ड्राफ्टसारखा न्याय्य प्रकार नाही. त्याने महागडा डेक आणायचा नसतो, सगळे एकाच पायरीवरून सुरू करतात, आणि तीनही सामने हरला तरी त्याने उचललेली कार्डे त्याच्या पिशवीत जातात.

नव्या संचाची प्रीरिलीज स्पर्धा हे याच तत्त्वाचे मोठे रूप आहे. मॅजिकमध्ये ती अधिकृत विक्रीच्या आधीच्या आठवड्यात होते आणि खेळाडूला सहा पॅक व एक प्रोमो (खास छापलेले) कार्ड असलेले खोके मिळते. कोणाकडेच ही कार्डे आधी नसल्यामुळे सगळेच थोडेफार नवशिके असतात. एरवी स्पर्धेला न फिरकणारे लोक प्रीरिलीजला येतात. दुकानाच्या वर्षातले भरघोस दिवस हेच, आणि या दिवशी बक्षिसे सपाट ठेवली नाहीत तर वर्षातून काही वेळाच येणाऱ्या त्या माणसाला पुन्हा बोलावण्याची संधी जाते.

प्रोमो कार्ड हा प्रकाशकाने दुकानदाराला दिलेला एक हात आहे, पण तो हात प्रकाशकाच्या मर्जीने पुढे येतो आणि मागे जातो. फ्रायडे नाइट मॅजिक हा दुकानांतल्या शुक्रवारच्या स्पर्धांचा कार्यक्रम २००० साली सुरू झाला, तेव्हापासून त्यात मिळणारी चकचकीत प्रोमो कार्डे हे लोकांनी शुक्रवारी येण्याचे एक मोठे कारण होते. २०१७मध्ये त्याऐवजी दुतर्फा टोकन, म्हणजे डेकमध्ये न जाणारी, खेळात खूण म्हणून वापरायची कार्डे, देण्याचा प्रयोग झाला, खेळाडूंनी नाके मुरडली आणि पुढे तो मागे घ्यावा लागला. या घटनेतून दुकानदाराने ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की आपल्या स्पर्धेची गर्दी कितपत आपली आणि कितपत त्या कार्डाची, हे प्रोमो बंद झाल्यावरच कळते. प्रोमोची बाजारातली किंमत प्रवेशशुल्कापेक्षा जास्त झाली, तर नाव देऊन, कार्ड घेऊन पहिल्याच फेरीनंतर निघून जाणारेही येतात. जोड्या विस्कटतात आणि मागे राहिलेल्यांपैकी कोणाला तरी पुढे चाल मिळते. प्रोमो शेवटच्या फेरीनंतर द्यावे, एवढा साधा उपाय त्यावर आहे.

कमांडर या प्रकाराने सगळाच हिशेब नव्याने मांडायला लावला आहे. चौघांनी मिळून, शंभर कार्डांच्या डेकने खेळायचा हा मॅजिकचा प्रकार मुळात खेळाडूंनीच घडवला आणि २०११पासून त्याचे तयार डेक प्रकाशक विकू लागला. मार्च २०२०मध्ये दुकानांतला अधिकृत खेळ महामारीमुळे थांबवावा लागला. तो पुन्हा सुरू झाल्यावर कित्येक दुकानांत स्पर्धेच्या टेबलांपेक्षा कमांडरची टेबले जास्त भरलेली दिसू लागली. कमांडर खेळणाऱ्याला फेऱ्या नकोत, टायब्रेकर नको, पुष्कळदा बक्षीसही नको. तो पाच तास बसतो आणि त्यापोटी शुल्क भरण्याचे त्याला कारण वाटत नाही. मात्र त्याचा डेक एकाच कार्डाच्या चार प्रती न घेता बहुतेक वेगवेगळ्या अशा शंभर कार्डांचा असल्याने तो बाइंडरपाशी सतत येतो आणि कोणी विचारत नाही अशी कार्डे घेऊन जातो. खुर्चीमागे तासाला किती मिळाले एवढेच मोजले, तर कित्येक संध्याकाळी कमांडरची टेबले साप्ताहिक स्पर्धेवर मात करतात. हे मान्य करणे मला जड गेले, कारण माझा जीव स्पर्धेत आहे. नाममात्र टेबलशुल्क घेऊन ते सगळे खरेदीत वळते करून द्यावे, हा मधला मार्ग चालतो. या प्रकाराला चारफेरी स्पर्धेचे रूप देऊन बक्षिसे लावली, तर मात्र टेबलावरचा खेळीमेळीचा सूर हमखास बिघडतो.

शेवटच्या फेरीतल्या वाटाघाटींबद्दल थोडक्यात. क्रमांकाप्रमाणे बक्षिसे वर झुकलेली असली की शेवटच्या टेबलावर ‘तू मला सामना सोड, मी तुला पॅक देतो’ अशी कुजबुज सुरू होते. मॅजिकच्या नियमांत निकालाच्या बदल्यात बक्षीस देऊ करणे ही लाच आहे आणि तिला कडक शिक्षा आहे. खेळाडूंना हे ठाऊक नसते आणि पंधरा वर्षांच्या मुलाला त्या कारणाने शिक्षा करणे कोणालाच नको असते. जिंकलेल्या सामन्यांवर बक्षिसे दिली की पहिल्या आणि दुसऱ्यामधले अंतर लहान होते आणि ही कुजबुज बऱ्याच अंशी आपोआप थांबते. बरोबरी झाली तर काय द्यायचे हे तेवढे कोष्टकात आधीच गुणांनी (विजयाला तीन, बरोबरीला एक) लिहून ठेवावे: बारा गुणांना ६ पॅक, दहाला ४, नऊला ३. दोन अपराजितांनी शेवटी बरोबरी मान्य केली तर दोघांना मिळून ८ जातात. सामना खेळून निकाल लावला असता तर ९ गेले असते. म्हणजे खेळण्यात त्यांचा एका पॅकचा फायदा राहतो आणि माझ्या टेबलावर सामनाही होतो.

सॉफ्टवेअर मला प्रत्येक स्पर्धेनंतर विजेत्याचे नाव मोठ्या अक्षरांत दाखवते. मी माझ्या वहीत वेगळाच रकाना ठेवतो: एक किंवा शून्य सामने जिंकणाऱ्यांची नावे आणि त्यातले किती जण पुढच्या महिन्यात पुन्हा आले. सोळा जणांच्या स्पर्धेत ती नावे पाच असतात. त्यातली तीन पुन्हा दिसली, तर शुल्क आणि बक्षिसे आहेत तशी ठेवतो. एकच दिसले, तर पुढच्या महिन्याचे कोष्टक आणखी सपाट करतो, आणि अपराजित खेळाडूच्या सहापैकी दोन पॅक खाली सरकवतो. त्यावर अपराजित खेळाडू काय म्हणतो, तेही त्याच पानावर लिहून ठेवतो.